फाट्यावरचा फळा

शिवपुत्र माझा सख्खा भाऊ, पाठचा. त्याला म्या कडेवर घेऊन फिरवलंय, त्याचा शेंबूड पुसलाय, शाळेत मास्तरनं मारलं तर मास्तरच्या दारात जाऊन भांडलेय. त्याच शिवपुत्राचा पेट्रोल पंप बंद पाडायचा विडा म्या उचलला. कुणी म्हणतं, ही बहीण का वैरीण? वैरीणच म्हणा. पण आधी त्यानं काय केलं ते ऐका आन मग माझ्या नावानं बोटं मोडा.

आमचं माहेर उमरग्याच्या पुढं, हैदराबादच्या हमरस्त्याला लागून. तिथनं कर्नाटकाची हद्द चौदा किलोमीटर. अप्पाची सात एकर जमीन रस्त्याच्या कडंला होती. अप्पा गेले तवा गावातल्या जुन्या रानात माती दिली, पण अव्वाला, म्हंजे आईला, ह्याच सात एकरात, रस्त्याकडच्या कोपऱ्यात बसवलं. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत न्हाईत. मांडी घालून बसवतात, डाव्या हातात त्याचं इष्टलिंग देतात, विभूती लावतात, बेल घालतात आन माती देतात. अव्वानं जिवंतपणी सांगून ठेवलं होतं, मला रस्त्याच्या कडंला ठेवा, येणारं-जाणारं दिसंल. तिला माणसांची लई हौस होती. म्हणून तो कोपरा.

अव्वा जाऊन वर्ष झालं न्हाय तोवर शिवपुत्र कागद घेऊन आला. म्हणाला, "अक्का, पंप मंजूर झालाय. सातबाऱ्यावर तुझं नाव हाय, तेवढं हक्कसोड करून दे." आमच्याकडं बहिणी हक्कसोड करतातच. साडेतीन एकर एका सहीत सोडायची, भावानं इरकल लुगडं नेसवायचं आन माहेरचं दार उघडं राह्यलं म्हणून आनंदानं घरी यायचं. म्या रडले न्हाय की भांडले न्हाय. एकच अट घातली, अव्वाच्या जागंला हात लावायचा न्हाय. चार हात इकडं, चार हात तिकडं सोडून काय बांधायचं ते बांध. त्यानं गळ्यातलं लिंग हातात घेऊन मला शब्द दिला. अट कागदात लिहून घ्यावी हे मला सुचलं न्हाय. सख्ख्या भावाकडनं कुणी लिहून घेतं का?

दोन वर्षं बरी गेली. पंप झाला, झगमग दिवे लागले. मी दर अमावास्येला जायची, समाधीचा कट्टा धुवायची, बेल वाहायची, येताना भावजयीच्या हातचा चहा घ्यायची. मग एका पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, तीन-चार महिने घराबाहेर पडले न्हाय. दिवाळीच्या अमावास्येला नारळ-बेल घेऊन गेले तर मला कोपराच सापडंना. सगळीकडं लाल-करडे ब्लॉक बसवलेले. मधे एक गोल लोखंडी झाकण, गटाराचं असतं तसं. आन जिथं अव्वाचा कट्टा होता तिथं सोळा चाकी ट्रक उभा, त्याच्या आडोशाला एक डायवर चड्डीवर आंघोळ करत होता.

शिवपुत्र काचंच्या केबिनमधनं बाहेर आला, कानाला मोबाईल. मोबाईलवर हात ठेवून म्हणाला, "अक्का, ट्रक वळायला जागा पुरत नव्हती. अव्वा खाली हायच की. वर काय का असंना, तिला काय त्रास?"

तिला काय त्रास! मेल्याची बोलताना जीभ झडली न्हाय. हातातला नारळ म्या त्याच्या डिझेलच्या मशीनवर आपटून फोडला. भरायला आलेली माणसं बघतच राह्यली. म्या म्हटलं, "शिवपुत्रा, हे ब्लॉक काढ आन माझ्या आईची जागा मोकळी कर. न्हायतर तुझ्या पंपावर काळं कुत्रं फिरकू देणार न्हाय. आन तवर मी तुझ्या आवारात पाय ठेवणार न्हाय."

बोलून तर बसले, पण करणार काय? आमची फाट्यावर चहा-भज्याची टपरी. आमचे मालक, महांतप्पा, चहा करतात, मी भजी तळते. सोलापूरकडनं येणाऱ्याला आधी आमची टपरी लागते, मग अर्ध्या किलोमीटरवर शिवपुत्राचा पंप. टपरीवरनं त्याचं पिवळं छप्पर रोज दिसायचं आन माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वाट एका ट्रक डायवरनं दाखवली. चहा पिता पिता त्याच्या क्लीनरला सांगत होता, इथं नको भरायला, हद्द ओलांडली की लिटरमागं पाच रुपये कमी हायत. म्या झारा तसाच तेलात सोडून त्याच्यापाशी गेले. "पाच रुपये? खरंच?" तो म्हणाला, "मावशी, तीनशे लिटरची टाकी हाय माझी. दीड हजार वाचतात. पण नव्या माणसाला ठावं नसतं, तो इथंच भरतो."

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. चहाचा भाव मी ठरवते, कांद्याचा भाव अडत्या ठरवतो, पण पंपाचा मालक कितीबी मोठा असंना, डिझेलचा भाव काय त्याच्या हातात नसतो. कंपनी सांगंल तोच. मी पाच रुपयांची बोंब मारली तर शिवपुत्र पाच पैसे बी कमी करू शकत न्हाय. नुसता हात चोळत बसंल. मला एवढा आनंद झाला की त्या डायवरला म्या चार मिरच्या फुकट दिल्या.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडनं शाळेचा जुना फळा आणला आन रस्त्याकडं तोंड करून टपरीला बांधला. पहाटे सहाला भाव बदलतात. मी सहाला मोबाईलवर दोन्हीकडचे बघायची आन लिहायची. मोठ्या अक्षरात मराठीत, खाली हिंदीत, बाजूला कानडीत. पुढच्या पंपावर डिझेल त्र्याण्णव रुपये नव्वद पैसे. चौदा किलोमीटरवर अठ्ठ्याऐंशी चाळीस. शंभर लिटरला साडेपाचशे वाचतात. चहा पिऊन पुढं जा.

आन लोक गेले की! आधी ट्रकवाले, मग टेम्पोवाले, मग गावातले ट्रॅक्टरवाले. पलीकडं बाजाराला जाणारा येताना टाकी फुल करून यायला लागला. चार-चार शेतकरी मिळून एका टेम्पोत रिकामे बॅरल घालून न्यायचे. मोटारसायकलवाल्यांना मात्र मी खरं सांगायची, "बाबा, दोन लिटरसाठी अठ्ठावीस किलोमीटर हेलपाटा घालू नको, जेवढं वाचवशील तेवढं जाळशील." मालक हसायचे. म्हणायचे, भावाचं नुकसान करायला बसलीस आन त्याच्याकडं गिऱ्हाईक बी पाठवतीस. मी म्हणायची, सूड घ्यायचा तर खऱ्यानं घ्यायचा.

एकदा मला तीनाच्या जागी आठ दिसला आन भाव चुकून लिहिला गेला. चूक कळली तवर एक ट्रक चहा पिऊन निघाला होता. म्या मालकांना मोटारसायकलवर त्याच्या मागं पिटाळलं. सहा किलोमीटरवर गाठला त्याला. तवापासनं तर फळ्याचं नाव झालं. एसटीचा कंडक्टर खिडकीतनं फळा वाचायचा. कुणी कुणाला भाव विचारला की समोरचा सांगायचा, उमाक्काच्या फळ्यावर बघ.

तिकडं शिवपुत्राचा धंदा निम्म्यावर आला. आठ पोरं कामाला होती, तीन राह्यली. त्यानं बॅनर लावलं, हवा मोफत, पाणी मोफत. मग हजाराचं डिझेल भरलं तर चहा मोफत. म्या फळ्यावर लिहिलं, मोफत चहा लिटरमागं साडेपाच रुपयांना पडतो. मग माझ्या टपरीला अतिक्रमणाची नोटीस आली. म्या गावातल्या चाळीस माणसांच्या सह्या गोळा केल्या, नोटीस तिथंच राह्यली. मग भावजय आली, शरणम्मा, ताटात इरकल घेऊन. "वन्सं, झालं गेलं विसरा." म्या इरकल ठेवून घेतलं आन दुसऱ्या दिवशीपासनं त्याच्या पदरानं फळा पुसायला लागले. रस्त्यावरनं जाणाऱ्या शरणम्मानं ते बघितलं. बघावं म्हणूनच पुसत होते.

दीड वर्षानं शिवपुत्र स्वतः आला. गाडीतनं उतरला, बाकड्यावर बसला. "ऊटा आयता, अक्का?" घरात आमची कानडीच. जेवलीस का म्हणून विचारत होता, जसं काय घडलंच न्हाय.

"माझ्या जेवणाचं सोड. ब्लॉक कधी काढतोस?"

"तू आधी फळा काढ."

"तू ब्लॉक काढ, मी त्याच दिवशी फळा चुलीत घालते. मला तुझी जमीन नको, पैसा नको. माझ्या आईवरचे ब्लॉक काढ. आठ हात जागा हाय."

तो बुटाकडं बघत बसला. "ते न्हाय जमायचं."

"का न्हाय जमायचं?"

तो बुटाच्या टोकानं माती उकरायला लागला. मला वाटलं, माज हाय. लोकांसमोर बहिणीपुढं वाकायला लाज वाटतीय ह्याला. म्या त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलला आन मोरीत ओतला. तो उठून गेला. मालक म्हणाले, "उमा, त्याच्या डोळ्यात पाणी होतं." म्या म्हटलं, "मगरीच्या बी असतं."

पुढच्या जूनमधली गोष्ट. सकाळी सहाला मोबाईल बघितला आन मला खरं वाटंना. कर्नाटकातल्या सरकारनं कर वाढवला होता. एका दिवसात तिकडचं डिझेल साडेतीन रुपयांनी चढलं. फरक राह्यला दोन रुपये. खडू हातात घेऊन मी फळ्यापुढं उभी राह्यले. समोर पिवळं छप्पर दिसत होतं. आदल्याच आठवड्यात मला कुणीतरी सांगितलं होतं, शिवपुत्र घायकुतीला आलाय, अजून दोन महिन्यांत त्याचं दिवाळं वाजतंय. दोन महिने! एवढं हातातोंडाशी आलेलं मी सोडून देऊ? दोन रुपयांसाठी गावातला कोण बॅरल घेऊन जाणार होता?

म्या कालचाच आकडा लिहिला.

मालकांनी वाचलं. ते कधी मोठ्यानं बोलत न्हाईत, पण त्या दिवशी बोलले. "उमा, पूस ते. दोन वर्षं लोक डोळे झाकून तुझं वाचतात."

"तुम्ही चहाकडं बघा. दूध उतू चाललंय."

"सूड खऱ्यानं घ्यायचा असं तूच म्हणत होतीस न्हवं?"

"अवो, तुमची आई न्हाय ती ब्लॉकखाली! माझी हाय!"

ते दुधाकडं वळले. आठ दिवस म्या खोटं लिहिलं. ट्रकवाले पुढं निघून जायचे, परत येऊन विचारायला त्यांना सवड कुठली? माझा धीर वाढला. चोरी पचली म्हंजे आपण हुशार हाओत असं वाटतं तसं झालं होतं.

नवव्या दिवशी धोंडीबा. धोंडीबा आमच्याच गावचा, सरळ माणूस, घरी ट्रॅक्टर आन एक छोटा टेम्पो. दोन दिवसांमागं पाऊस पडून गेलेला, रानाला वापसा आला होता. वापसा म्हंजे जमीन ना चिखल ना कोरडी, पेरायला अगदी नेमकी. असा वापसा दिवस-दीड दिवस टिकतो, पुन्हा पाऊस आला की गेला. गावातल्या पाच घरांची पेरणी धोंडीबाच्या ट्रॅक्टरवर ठरलेली. ट्रॅक्टरमध्ये डिझेल कमी. शिवपुत्राचा पंप तर दारात. पण सकाळी त्यानं माझा फळा वाचला, पाच-साडेपाच वाचतात तर हंगामाचंच भरून ठेवू म्हणून दोन बॅरल टेम्पोत टाकले आन पलीकडं गेला. तिकडं भाव बघितला तर ब्याण्णवला टेकलेला. पंपावरच्या पोरानं सांगितलं, नऊ दिवस झाले की चढून. तिथं गर्दी, बॅरलला वेगळी रांग. धोंडीबा परत येईस्तवर दुपार झाली आन वर काळं भरून आलं. ट्रॅक्टर रानात घातला न घातला की पाऊस. पाच घरांचं बियाणं पोत्यातच राह्यलं. पुढं बारा दिवस कुणाला रानात पाय घालता आला न्हाय.

संध्याकाळी धोंडीबा टपरीवर आला. भिजलेला, अंगावर चिखल. टपरी भरलेली होती. त्यानं ओरडा केला न्हाय. फळ्यापुढं उभा राहून आकडा वाचला, मग मोबाईल काढून मालकांपुढं धरला. "महांतप्पा, वाचा. मला डोळ्यानं कमी दिसतं का बघा."

मालकांनी मान खाली घातली. कुणीतरी धोंडीबालाच म्हणालं, "तू बी जायच्या आधी मोबाईलवर बघायचं की."

"उमाक्काचा फळा बघितल्यावर मोबाईल कशाला बघू?" धोंडीबा म्हणाला. "उमाक्का, चुकून झालं का?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण मालक माझ्याकडं बघत होते. "न्हाय," म्या म्हटलं. "जाणून लिहिलं."

"भावाचा सूड घ्यायला आमच्या पाच घरांची पेरणी घालवलीत?"

लोक एकेक करून उठले. तळलेली भजी परातीत तशीच राह्यली. म्या फळा पुसला तो कोरा ठेवला.

इथं शिवपुत्र गप बसला असता तर कदाचित मी बी गप बसले असते. पण त्याला ऊत आला. चौथ्या दिवशी त्याच्या पंपावर नवं बॅनर लागलं, माझ्या टपरीवरनं वाचता येईल एवढ्या अक्षरात. "खरा भाव, खरं माप, खरी माणसं." खरी माणसं! आईवर ट्रक उभा करणारा खरा आन मी खोटी! चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. म्या पदर खोचला, टपरीमागची पहार उचलली आन भर उन्हात रस्त्यानं चालत निघाले. मालक मागनं हाका मारत राह्यले.

दोन वर्षांनी त्या आवारात पाय ठेवला. कोपऱ्यात गेले, पहिल्या ब्लॉकच्या फटीत पहार घातली आन उचकटला. मग दुसरा, मग तिसरा. पंपावरची पोरं लांबनंच बघत होती, मालकाच्या बहिणीला हात कोण लावणार? चौथ्याला पहार जोरात घातली ती खाली लोखंडावर आपटली, ठण्णकन आवाज आला.

शिवपुत्र केबिनमधनं अनवाणी पळत आला. तोंड पांढरंफटक. "अक्का, पहार टाक! टाक ती! खाली डिझेलची टाकी हाय! ठिणगी उडाली तर समदे जळून मरू!"

माझा हात तिथंच थांबला. "टाकी?"

तो काय बोलला ते त्याच्याच ध्यानात आलं. तोंडावर हात ठेवला त्यानं.

"शिवपुत्रा, टाकी हितं हाय तर अव्वा कुठं हाय?"

तो खाली ब्लॉकवर बसला. शरणम्मा मागं येऊन उभी होती, तिनं तोंड फिरवलं. म्हंजे तिला ठावं होतं.

"नवी टाकी बसवायची होती," तो म्हणाला. "नकाशात हीच जागा आली. दुसरी द्यायची तर मंजुरी वर्षभर लांबली असती. तू आजारी होतीस. जेसीबी लावला… अव्वाचं जे निघालं ते…"

"ते काय?"

"खताच्या पोत्यात भरलं. मठातल्या स्वामींना बोलवलं असतं तर गावभर झालं असतं, तुला कळलं असतं. पुलावरनं नदीत सोडलं."

आमच्यात नदीत सोडत न्हाईत. आमची माणसं मातीत बसतात. मी त्याला विचारलं, "तिच्या हातातलं लिंग?"

तो रडायला लागला. "पोत्यातच होतं, अक्का."

खोटं कशाला सांगू, म्या पहार उचलली ती त्याच्या डोक्यात घालायलाच. शरणम्मा किंचाळली. पण त्याच्या उघड्या टाळूकडं बघून मला वाटलं, हा मेला तर गाव ह्याच्यासाठी रडंल. ह्याचा फोटो लावतील, हार घालतील. मला हा जिता पाहिजे. आल्यागेल्यानं तोंडावर थुंकायला पाहिजे. म्या पहार तिथंच टाकली आन टपरीकडं पळत सुटले. ह्या वयात मी पळंन असं कुणाला वाटलं नसतं.

फळ्यावर म्या मोठ्या अक्षरात लिहिलं, मराठीत, हिंदीत, कानडीत. पुढच्या पंपाची टाकी माझ्या आईच्या समाधीत पुरली हाय. माझ्या भावानं आईची हाडं खताच्या पोत्यात भरून, लिंगासकट, पुलावरनं नदीत टाकली. खाली माझं नाव लिहिलं. भाव लिहिला न्हाय. आता कुणाला पैसे वाचवायला सांगायचंच नव्हतं. हे वाचल्यावर कोण माणूस तिथलं डिझेल आपल्या गाडीत घालंल? मला वाटलं, संध्याकाळपतोर पंपाला कुलूप लागतंय.

पहिला ट्रकवाला थांबला. वाचलं आन विचारलं, "आज भाव न्हाय लिहिला?" गावातले दोघं आले, त्यांनी वाचलं, एकमेकाला कोपर मारलं. "आधी डिझेल, आता आई," त्यातला एक म्हणाला. म्या त्याच्या अंगावर धावून गेले. मालकांनी मला धरलं.

दोन दिवसांत शिवपुत्रानं उचकटलेले ब्लॉक परत बसवले. कुणी विचारलं की सांगायचा, "अक्काच्या डोक्यावर परिणाम झालाय. अव्वा जागच्या जागी हाय. अन् तिचा फळा किती खरा असतो ते धोंडीबाला इचारा की." पंपावरच्या पोरांना म्या हात जोडून म्हटलं, तुम्ही त्या दिवशी ऐकलंय, लोकांना सांगा. पोरं म्हणाली, आम्ही लांब होतो. जेसीबीवाला कोण होता ते कुणाला ठावं न्हाय. स्वामींकडं गेले. ते म्हणाले, "बाई, सरकारी परवानगीशिवाय तिथं कोण उकरणार? आन उकरून काय निघायचं, तू म्हणतीस ते खरं असलं तर काहीच न्हाय." खरं होतं म्हणूनच दाखवायला काही नव्हतं.

मला एकाच माणसाची आशा होती, धोंडीबाची. तो सरळ हाय. त्यानं एकदा हो म्हटलं तर गाव मानंल.

काल सकाळी तो टेम्पो घेऊन आला. टपरीपाशी थांबला, खाली उतरला. फळ्यापुढं उभं राहून ओठ हलवत सगळं वाचलं, नदीपतोर वाचलं. मी त्याच्याजवळ गेले. गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं.

"धोंडीबा, ह्याची शपथ. ह्यातलं अक्षर बी खोटं न्हाय. माझी आई न्हाय राह्यली रे तिथं."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. त्याला वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं.

"उमाक्का," तो म्हणाला, "वापशाच्या दिवशी बी हे अक्षर तुमचंच होतं."

मग तो टेम्पोत बसला आन चालू केला. मी त्याच्या मागं रस्त्यावर गेले, पदर सुटला तरी थांबले न्हाय. "धोंडीबा, ह्या टायमाला खरं हाय रे! ह्या टायमाला खरं हाय!" टेम्पो पुढं गेला, पिवळ्या छपराकडं वळला आन डिझेलच्या रांगेत अव्वाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राह्यला.